हेतू : आईचा फोटो

पहिल्यांदाच सांगून ठेवतो, कॅमेरा मी माझ्या अकलेनं निवडला. आमच्या सोसायटीत आजही निदान चारजण छातीठोकपणे सांगतात, की गुरुदत्तला कॅमेरा आम्ही घेऊन दिला. सल्ला द्यायला ते सगळे होते, हे खरं आहे. पण कल्याणच्या विश्रामशेठच्या दुकानात कॅमेरा हातात घेऊन घाम पुसायला मी एकटा होतो, आणि ज्याचा घाम त्याचा कॅमेरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकोणनव्वद सालची गोष्ट. कॅमेरा म्हणजे खटका दाबायचा साधा डबा नव्हे. एसएलआर! त्याला डोळा लावला की थेट लेन्समधून दिसतं. लेन्स फिरवून काढता येते, दुसरी लावता येते. आणि तो गळ्यात अडकवून डोंबिवली स्टेशनचा जिना उतरलं तर दहा माणसं वळून बघतात. हा शेवटचा गुण माहितीपत्रकात नव्हता, तो मी स्वतः शोधला.

मला तो हवा होता आईसाठी. वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो निघाला नाही. शेवटी रेल्वेच्या पासवरचा फोटो मोठा करून आणला, तर डाव्या खांद्यावर अर्धा गोल शिक्का. जन्मभर पास काढून प्रवास केलेला माणूस, पण अकरा वर्षं भिंतीवरून विनातिकीट पकडल्यासारखा आमच्याकडे बघत होता. आता दिवाळीच्या आधी आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. तिचा एक असा फोटो काढायचा, की बघणाऱ्यानं दोन मिनिटं थांबावं, एवढीच माझी इच्छा होती. अडचण आईचीच होती. वडील गेल्यापासून ती फोटोला उभी राहिलेली नव्हती. लग्न असो, मुंज असो, फोटोग्राफर आला रे आला की ही आत भाज्या चिरायला. कुणी फारच ओढलं तर म्हणायची, "मोकळ्या कपाळाचा फोटो कशाला काढायचा?" मी ठरवलं, आधी कॅमेरा घेऊ, मग आईकडे बघू.

कॅमेरा घेणार हे मी फक्त सरोजला, म्हणजे बायकोला, सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सोसायटीचे सेक्रेटरी दौलतराव यांना कळलं. दौलतराव तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सगळ्या गोष्टी वजनावर तोलतात.

"रशियन घ्या," ते म्हणाले. "दणकट माल. उद्या घरात चोर शिरला तर डोक्यात घालता येतो."

"मला फोटो काढायचेत, दौलतराव."

"फोटो काय, कुठल्याही कॅमेऱ्यानं निघतात हो!"

समोरच्या मंदाकिनीकाकूंचा पुतण्या मस्कतला. त्यामुळे त्यांच्या मते जपानीशिवाय दुसरा कॅमेरा घरात आणणं म्हणजे घराण्याला कमीपणा. ऑफिसातला चंदू तर लेन्सचा तज्ज्ञच निघाला. "पन्नास मिलिमीटरची घेऊ नकोस. एकशेपस्तीसची घे," तो म्हणाला. "गच्चीवरून ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसचं धुराडं पकडता आलं पाहिजे." मी म्हटलं, मला धुराड्याचा नाही, आईचा फोटो काढायचाय, आणि ती माझ्यापासून सहा फुटांवर बसते. त्यावर तो म्हणाला, "अरे, मग तिला लांब बसव ना!"

मग ऑफिसनं तोंड घातलं. मी ठाण्याला सरकारी कचेरीत. आमच्या वर्तणुकीच्या नियमात असं आहे, की अमुक किमतीच्या वर वस्तू घ्यायची तर वरिष्ठांना लेखी कळवावं लागतं. उगाच लचांड नको म्हणून मी फॉर्म भरला. मालमत्ता स्थावर की जंगम, या रकान्यात 'जंगम' लिहिलं. हेतू या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'आईचा फोटो काढणे.' सात दिवसांनी फॉर्म परत आला. हेडक्लार्कनी लाल शाईनं शेरा मारला होता : 'सदर हेतू एकदा साध्य झाल्यानंतर वस्तूचे काय करणार, याचा खुलासा करावा.'

मी खुलासा केला, की नंतर पत्नीचा फोटो काढीन. फॉर्म पुन्हा परत. 'पत्नीचा उल्लेख मूळ अर्जात नाही.' तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी नवा फॉर्म घेतला आणि हेतूच्या रकान्यात आई, पत्नी, दोन्ही मुलं, सासरची अकरा माणसं आणि दुर्गाडी किल्ला, एवढ्यांची यादी दिली. तो मात्र त्याच दिवशी मंजूर झाला. भरलेला रकाना बघून साहेबांना बरं वाटतं, हे माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मला त्या दिवशी कळलं.

विश्रामशेठचं दुकान कल्याणला बाजारात. पुढे फोटो फ्रेम, मागे कॅमेरे आणि मध्ये स्वतः विश्रामशेठ. त्यांनी तीन कॅमेरे काढून ठेवले. रशियन उचलला, तर दौलतराव आठवले. जपानी उचलला, तर मंदाकिनीकाकू. तिसरा पूर्व जर्मनीतला होता, आणि त्याची शिफारस पंचक्रोशीत कुणीही केलेली नव्हती. मी तोच घेतला. एवढं एकच कारण होतं, आणि ते पुरेसं आहे असं मला आजही वाटतं.

"आता वरचं सामान," विश्रामशेठ म्हणाले. मला वाटलं होतं, कॅमेरा घेतला की संपलं. पण फ्लॅश लागतो. लेन्सला ऊन लागू नये म्हणून टोपी लागते. टोपीखाली काचेचा फिल्टर लागतो. धूळ उडवायला रबरी फुगा लागतो, आणि धूळ बसूच नये म्हणून पिशवी लागते. हात हलू नये म्हणून तिपाई, आणि तिपाईवर ठेवल्यावरसुद्धा बोट हलतं म्हणून लांबून दाबायची वायर. ही सगळी खोगीरभरती घेऊन मी घरी आलो, तेव्हा सरोज दार उघडून बघतच राहिली. "अहो, बारशाला बाळंतिणीबरोबर येतं तेवढं सामान आहे हे," ती म्हणाली, "बाळ कुठाय?" बाळ माझ्या शर्टाच्या आत होतं. रिक्षात धक्के बसू नयेत म्हणून मी त्याला पोटाशी धरून आणलेलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात, म्हणजे अडकित्ता, विळी, शिवणाचं मशीन आणि माझं फाऊंटन पेन. त्या रांगेत कॅमेरा ठेवायची कल्पना माझी, हे मी नाकारत नाही. दौलतराव आणि मंदाकिनीकाकू दर्शनाला आले. येऊ नका म्हणायची सोय नव्हती, दार उघडं होतं.

"जर्मन?" दौलतराव म्हणाले. "पूर्वेकडचा की पश्चिमेकडचा?"

"पूर्वेकडचा."

"हं," ते म्हणाले, आणि त्या 'हं'मध्ये माझं सगळं वाटोळं झालेलं होतं. म्हणून, केवळ त्यांची जिरवायची म्हणून, मी लेन्स काढून दाखवली. आत तिरका आरसा, त्याच्यावर दुधी काच. "बघा, डोळा लावला की यातून दिसतं," असं म्हणून मी उघडा कॅमेरा पाटावर ठेवला आणि लेन्स पुसायला फडकं आणायला आत गेलो. तेवढ्यात मंदाकिनीकाकूंनी पूजा सुरू केली. त्यांची श्रद्धा दांडगी. वरवर कुंकू लावणं त्यांना पटेना. देवाला कपाळावर लावतात, तोंडाला नाही, तेव्हा त्यांनी ओलं बोट कॅमेऱ्याच्या तोंडातून आत घातलं, कपाळ कुठे असेल त्याचा अंदाज घेतला, आणि वरच्या दुधी काचेवर, बरोबर मधोमध, कुंकवाचा टिळा लावला.

मला हे कळलं तासाभरानं. लेन्स लावून मी सरोजवर कॅमेरा धरला, तर तिच्या नाकावर लाल टिकली. कॅमेरा जरा वर केला, तर टिकली सरकून कपाळावर गेली. दौलतरावांकडे वळवला. दौलतरावांना कुंकू. भिंतीवरच्या कॅलेंडरला कुंकू. खिडकीतून खाली दिसणाऱ्या दूधवाल्याच्या सायकलला कुंकू.

"काढा की ते!" मंदाकिनीकाकू म्हणाल्या. मी फुगा मारला. ओलं कुंकू आता वाळून पक्कं बसलं होतं. पुसायला फडकं घातलं तर काचेवर ओरखडे येतील, असं माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलेलं. कल्याणला नेऊन दाखवायला हवं होतं, पण विश्रामशेठ दसऱ्याला गावी गेलेले, दुकान पंधरा दिवस बंद. दौलतराव जिना उतरताना म्हणाले, "रशियनमध्ये हा प्रॉब्लेम नसता आला." त्यांच्या मागे मी दार जरा जोरातच लावलं.

तीन-चार दिवसांनी जाईबाई आली. जाईबाई मोठागावच्या खाडीवरची कोळीण, तीस वर्षं आमच्याकडे मासळी घालते. आई आणि ती एका वयाच्या. दोघींचे नवरेही एकाच साली गेले, त्यामुळे मासळी घेता-देताना त्यांचं तासभर बोलणं चालतं. मी दाराशी बसून कॅमेरा पुसत होतो.

"काय रे गुरू, मना बी दाव तुजा क्यामेरा," जाईबाई म्हणाली.

मी तो तिच्या हातात दिला आणि तिच्यासाठी नीट धरला. तिनं डोळा लावला. समोर आई बसली होती, हातात बोंबील. जाईबाईनं श्वासच रोखला.

"अगो बाय! सुमती! तुज्या कपालाला कुकू हाय गो!"

"काहीतरीच काय?" आई म्हणाली.

"काहीतरी नाय. मी बगतंय ना! किती ग्वाड दिसतंस गो!" आणि जाईबाईनं कॅमेरा खाली केला, आईकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं, पुन्हा कॅमेरा लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लपवायचा प्रयत्न तिनं केला नाही.

मग आईनं हात धुतले आणि कॅमेरा मागितला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आईनं कॅमेऱ्याला हात लावला. तिनं जाईबाईकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "जाई," ती म्हणाली, "तू नवी नवरी दिसतेस." दोघी म्हाताऱ्या अशा हसायला लागल्या, की सरोज घाबरून बाहेर आली.

त्या संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली. "गुरू, तुला माझा फोटो काढायचाय ना? काढ. पंचाहत्तरीच्या दिवशी काढ."

मी उडालोच. "कपाळाचं काय?"

"कपाळाचं काय? मी काही लावलेलं नाही. कॅमेऱ्यानं लावलंय. त्याला काय कळतं, सवाष्ण कोण नि विधवा कोण?" वकिलाच्या घरात जन्मली असती तर आईनं हायकोर्ट गाजवलं असतं. हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीच्या गजाला हात लावून उभी होती. अकरा वर्षं ही बाई फोटोपासून का पळत होती, हे तिनं सांगूनही मला खरं तेव्हा कळलं, आणि एवढी वर्षं ते न कळल्याबद्दल माझी मलाच लाज वाटली.

बातमी सोसायटीत पसरायला जिन्याचे तीन टप्पे पुरले. मंदाकिनीकाकू त्याच रात्री आल्या आणि सरोजला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई गं, हे बरं नव्हे. लोक काय म्हणतील? फोटो भिंतीवर कायमचा राहतो." दौलतरावांनी रीतसर मार्ग धरला. मी गच्चीवर फोटो काढणार होतो, सकाळचं ऊन तिथे चांगलं येतं. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे. मी मागायला गेलो तर म्हणाले, "किल्ली मिळणार नाही. वादग्रस्त उपकरण आहे. कमिटीपुढे ठेवावं लागेल."

"मग मी खाली पायऱ्यांवर काढीन."

"पायऱ्या सोसायटीच्या आहेत."

"पायऱ्या असतील. ऊन सोसायटीचं नाही," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात वेळेवर सुचलेलं हे एकमेव उत्तर, म्हणून ते इथे नोंदवून ठेवतोय. चंदूनंही फोन करून कळवलं, की ऑफिसात चर्चा आहे. मी त्याला सांगितलं, चर्चेचा हेतू काय तो फॉर्मवर लिहून दे. थोडक्यात म्हणजे मी आता पेटलो होतो. ते कुंकू मी पुसणार नव्हतो, कॅमेरा परत देणार नव्हतो, आणि आईचा फोटो त्या कुंकवासकट भिंतीवर लावणार होतो, वडिलांच्या शिक्क्याच्या शेजारी.

पंचाहत्तरी रविवारी. शनिवारी विश्रामशेठचं दुकान उघडलं. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की फोटोत कुंकू नीट लाल यावं म्हणून कुठला रोल घालू. विश्रामशेठनी कॅमेऱ्याला डोळा लावला, हसले, आणि माझ्याकडे दयेनं बघितलं.

"अहो साहेब, हे फोटोत येत नाही."

"म्हणजे?"

"ही वरची काच फक्त तुमच्या डोळ्यासाठी. फिल्म मागे असते. खटका दाबला की आरसा वर जातो, उजेड थेट मागे जातो. काचेवरचं काहीही फोटोत उतरत नाही. कुंकू तुम्हालाच दिसणार, फोटोला नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के. उलट खूश व्हा ना! नुकसान काहीच नाही." त्यांनी मला चहा पाजला. तो मी प्यायलो की नाही, मला आठवत नाही. कल्याणहून डोंबिवलीला मी रिक्षानं आलो आणि कॅमेरा पिशवीत ठेवला होता, धक्के बसले तरी बसोत म्हणून.

सरोजला सांगितलं. ती म्हणाली, "आजच सांगा त्यांना." मी आईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर तीन पातळं पसरून बसली होती, कुठलं नेसू म्हणून. जाईबाईनं पाठवलेली अबोलीची वेणी तांब्यात ठेवलेली. मी म्हटलं, "निळं नेस," आणि बाहेर आलो. अशा वेळी माझं धाडस कुठे जातं, ते मला अजून सापडलेलं नाही.

रविवारी सकाळी पायऱ्यांवर खुर्ची मांडली. कुणालाही बोलावलेलं नव्हतं, आणि सगळी सोसायटी आलेली. दौलतराव हात मागे बांधून गेटपाशी. मंदाकिनीकाकू पहिल्या पायरीवर. जाईबाई नऊवारी नेसून, सोन्याच्या कुड्या घालून, टोपली न घेता आली होती, त्यामुळे वॉचमननं तिला ओळखलंच नाही. आई निळ्या पातळात येऊन बसली. पदर खांद्यावरून घेतलेला, अंबाड्यात वेणी. मी तिपाई मांडली, वायर लावली, डोळा लावला. कुंकू बरोबर तिच्या कपाळावर होतं. इतका चांगला फोटो मी जन्मात बघितला नव्हता, आणि तो येणार नव्हता.

"बरोबर धरलंयस ना रे?" आईनं विचारलं. "कपाळावर आलंय ना?"

माझं बोट वायरीवर होतं. ते काही केल्या दाबेना.

"आई," मी म्हणालो, "ते येणार नाही. कुंकू. काल विश्रामशेठ म्हणाले. ते फक्त मला दिसतं. फोटोत तुझं कपाळ मोकळंच येणार. मी कालच सांगायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही."

आईनं मांडीवरचे हात उचलले आणि पुन्हा तिथेच ठेवले. एवढ्या माणसांत तिला एकटं पाडलं मी, आणि पळून जायला तिला स्वयंपाकघरही ठेवलं नव्हतं.

"बघा," मंदाकिनीकाकू हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू. "देवालाच मान्य नव्हतं."

आईनं मान वर केली.

"मंदाकिनी," ती म्हणाली, "त्या कॅमेऱ्याला तू कुंकू लावलंस ना? लावायच्या आधी विचारलंस त्याला, तुझा नवरा आहे का म्हणून?"

गेटपाशी दौलतराव अचानक कुलपाची तपासणी करू लागले.

"सरोज," आई म्हणाली, "देवघरातला माझा करंडा आण."

सरोज धावतच वर गेली. ती परत येईपर्यंत कुणी हललं नाही. जाईबाई तेवढी पुढे येऊन आईच्या खुर्चीला हात लावून उभी राहिली. सरोजनं करंडा पुढे धरला. आईनं तिला लावू दिलं नाही. स्वतःचं बोट बुडवलं, आरसा मागितला नाही, आणि कपाळावर मधोमध, पूर्वी लावायची तसं, रुपयाएवढं कुंकू लावलं. गोल बरोबर आला. मग तेच बोट तिनं जाईबाईच्या कपाळाला टेकवलं.

"आता हे फोटोत येईल?"

"येईल, आई."

"मग दाब."